बाबा, कॉलेजच्या सोमवारच्या पत्राविषयी

मडगाव,
रविवार

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

बाबा, कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचं अध्यक्षपद तुमच्याकडे आल्यावर दर सोमवारी सगळ्या स्टाफला कॉलेजात काय चाललंय ते कळवणारं पत्र सुरू करायचं तुमच्या मनात आलं, हे फार चांगलं झालं. पद्धत तुम्ही फोनवर विचारलीत, पण तोंडी सांगितलेलं राहत नाही म्हणून लिहितेय.

पहिलीच गोष्ट तुम्हाला रुचायची नाही. पत्र प्राचार्यांच्या नावानं जाऊ दे, तुमच्या नको. अध्यक्षांची सही दिसली की लोक त्यात हुकूम शोधतात. प्राचार्य काल तोंडी जे बोलले आणि अध्यक्षांनी आज जे लिहिलं, त्यात एका शब्दाचा फरक निघाला तरी स्टाफरूममध्ये दोन पक्ष पडतात. तुम्ही वर्षातून तीनदाच लिहा: जूनमध्ये वर्ग सुरू होताना, चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुट्टीआधी आणि एप्रिलमध्ये वर्ष संपताना. समितीनं काय ठरवलं, पैसा कशावर जाणार, कुठल्या जागा भरायची परवानगी मागितलीय, एवढं त्यात आलं की पुरे.

दुसरं, परिपत्रक वेगळं आणि हे पत्र वेगळं. सुपरव्हिजनची ड्यूटी, रजेचे नियम, चौकशी समितीची नेमणूक, सक्तीची बैठक, हे सगळं लेटरहेडवर, जावक क्रमांक आणि तारीख घालून, सहीनिशी निघायला हवं, आणि रजिस्टरात वाचल्याच्या सह्याही हव्यात. सोमवारच्या पत्रात त्याबद्दल एकच ओळ द्यायची: अमुक क्रमांकाचं परिपत्रक निघालंय, कार्यालयात सही करावी. दोन्हींची खिचडी झाली की पुढे वाद उपटल्यावर ‘आम्हाला रीतसर कळवलंच नव्हतं’ म्हणायला जागा मिळते, आणि माहिती अधिकारात कागद मागितला तर दाखवायला फाईलच नसते.

आता आठवड्याचं चक्र. प्रत्येक विभागातून एक माणूस ठरवून द्या. ग्रंथालय, प्रयोगशाळा, परीक्षा विभाग, एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना), जिमखाना आणि कार्यालय यांचाही एकेक. नोंदी गुरुवारी दुपारी ३ पर्यंत, गूगल फॉर्मवर. प्रश्न पाचच: काय, कधी, कुठे, कुणी यायचं, अडलं तर विचारायचं कुणाला. सहावा रकाना ‘इतर माहिती’ म्हणून ठेवू नका, त्यात निबंध येतात. शुक्रवारी सकाळी उपप्राचार्यांनी या नोंदी हॉलच्या रजिस्टराशी आणि टाइमटेबलशी ताडून बघायच्या. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, एकच सेमिनार हॉल एकाच वेळी दोन विभागांना. रजिस्टरात बुकिंग नसेल तर ती नोंद पत्रात घ्यायची नाही, मग मागणारा कुणीही असो. दुपारी प्राचार्य वाचून दुरुस्त करतात आणि सोमवारी सकाळी ८ ला पत्र जातं. शनिवारी पाठवलं तर रविवारच्या बाजारात विसरून जातं.

आठवडा मात्र मंगळवार ते पुढचा सोमवार असा धरायचा. सोमवारी साडेनऊच्या कार्यक्रमाची बातमी त्याच सकाळी ८ ला देऊन काय उपयोग? टाइमटेबल बदलून घ्यायलाच एक दिवस लागतो.

पान एकच, ए-४, फार तर साडेचारशे शब्द. सर्वांत वर चौकट, ‘या आठवड्यात करायचं’. तिच्यात पाचपेक्षा जास्त बाबी नकोत. ‘विभागप्रमुखांनी गुण लवकरात लवकर द्यावेत’ हे लिहिलं काय, न लिहिलं काय, सारखंच. त्याऐवजी: ‘अंतर्गत परीक्षेचे गुण, सही केलेली एक प्रत, परीक्षा विभागाच्या खिडकीवर, शुक्रवार १४ तारखेला दुपारी १ पर्यंत.’ वार आणि तारीख दोन्ही लिहायचं. एक चुकलं तर दुसऱ्याशी जुळत नाही आणि पत्र निघण्याआधीच कुणाच्या तरी लक्षात येतं.

चौकटीखाली कॅम्पसवरचं. कुठल्या मुलांनी काय जिंकलं, एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर कधी, कोण नवीन आलं, कोण निवृत्त होतंय. कौतुकाला तीन-चार ओळी द्याव्यात, जास्त नको, नाहीतर ज्यांचं नाव राहिलं ते धरून बसतात. त्यापेक्षा रोजच्या अडचणी आधी कळवा. शनिवारी टाकी धुणार म्हणून पाणी नाही, वीज खात्याचं शटडाऊन अमुक वेळेला. ही एक ओळ राहिली तर जीवशास्त्राच्या फ्रीजमधले नमुने खराब होतात आणि ऑफिसचा यूपीएस मध्येच मान टाकतो.

तिसरा भाग ‘ठरलं आणि राहिलं’. माझ्या मते सगळ्या पत्रात मोलाचा हाच, आणि लोक वगळतात तोही हाच. ठरलं ते सगळेच लिहितात, राहिलं ते कुणी लिहीत नाही. पगाराचं बिल अमुक तारखेला पर्वरीला उच्च शिक्षण संचालनालयाकडे गेलं, अजून मंजूर होऊन आलेलं नाही, एवढं वाक्य सलग तीन आठवडे तसंच छापायला लागलं तरी छापा. ते नसलं की कँटीनमध्ये तिसऱ्याच दिवशी तुमच्या संस्थेचं दिवाळं निघतं. एखादी मागणी फेटाळली असेल तर कारणही तिथेच द्यायचं, गुळमुळीत न लिहिता.

आपल्याकडची काही पथ्यं वेगळी. पावसात सुट्टी जाहीर झाल्याचा मेसेज रात्री फिरायला लागतो, तेव्हा आदेश कुठल्या वर्गापर्यंत आहे ते आधी बघायचं. बारावीपर्यंतचा असला तर कॉलेज चालू असतं, पण अर्धा स्टाफ घरी थांबतो. म्हणून जूनच्या पहिल्याच पत्रात लिहून टाका की सुट्टीचा निरोप फक्त प्राचार्यांच्या नंबरावरून, सकाळी साडेसहापर्यंत येईल. आला नाही तर कॉलेज आहे. तारखांची यादी करताना सरकारी सुट्ट्यांपुरतं थांबू नये. ३ डिसेंबरला जुन्या गोव्याच्या फेस्ताची, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या सणाची सुट्टी असते, पण त्याआधीच्या नोव्हेनाच्या (नऊ दिवसांच्या प्रार्थनांच्या) दिवसांतही त्या रस्त्यावर गर्दी असते. म्हापशाला बोडगेश्वराची जत्रा लागली की संध्याकाळी त्या बाजूनं गाडी हलत नाही. चवथीला तर दोन दिवस आधीपासूनच वर्ग रिकामे होतात. अशा दिवसांत बाहेरचा परीक्षक बोलावणं म्हणजे त्याचे हाल.

पत्र पोचतं कसं, ते बघा. कॉलेजचा ईमेल असलेल्यांना ते जातंच. लेक्चर बेसिसवरच्या (तासांप्रमाणे मानधन घेणाऱ्या) शिक्षकांना पुष्कळ ठिकाणी तो ईमेल देतच नाहीत. ते सकाळी एका कॉलेजात आणि दुपारी दुसऱ्या कॉलेजात शिकवतात, आणि खोली बदलल्याचं त्यांना दारात कळतं. त्यांचे पत्ते पहिल्या दिवशीच घ्या. ईमेल पाठवताना पत्ते बीसीसीत (जिथे ते एकमेकांना दिसत नाहीत त्या रकान्यात) टाकायचे, नाहीतर कुणीतरी सगळ्यांनाच उत्तर धाडतो आणि दिवसभर ‘ओके सर’ येत राहतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त अ‍ॅडमिन लिहू शकेल असा ग्रुप ठेवा. ब्रॉडकास्ट लिस्टच्या वाटेला जाऊ नका, ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना तो मेसेज जातच नाही, म्हणजे नेमके नवे लोक सुटतात. पीडीएफसोबत वरची चौकट मेसेजमध्येही उतरवायची, कारण अर्धेजण पीडीएफ उघडत नाहीत. देवनागरी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करायला सांगा. जुन्या फॉन्टातली फाईल दुसऱ्याच्या फोनवर उघडली की नुसती चिन्हं दिसतात. चूक निघाली तर गुपचूप फाईल बदलायची नाही. ‘शुद्धिपत्र’ म्हणून आधीची ओळ आणि आताची ओळ, दोन्ही द्यायच्या.

शिपाई, लॅब अटेंडंट, माळी, कँटीनवाले आणि ठेकेदाराकडचे गेटवरचे सेक्युरिटी, यांना ईमेलचा उपयोग नाही. सोमवारी मस्टरवर सही करतानाच पाच मिनिटं उभ्या उभ्या चौकट वाचून दाखवायची, कोकणीत किंवा मराठीत, जसं तिथे बोलतात तसं. गेटवर वेगळा कागद हवा, मोठ्या अक्षरात: कुठल्या दिवशी कोण पाहुणा, गाडी कुठल्या गेटनं, फोन कुणाला करायचा. हा कागद नसला की व्याख्यानाला बोलावलेला पाहुणा नोंदवहीपाशी ताटकळतो आणि आत सभागृहात सगळे घड्याळ बघत बसतात.

नोटीस बोर्ड मस्टरजवळ, काचेच्या दाराचा, पश्चिमेच्या व्हरांड्यात नको. तिकडून जुलैचा पाऊस तिरका येतो. इंकजेटची शाई त्या दमटपणात पसरते आणि १४ चे १९ दिसायला लागतात, म्हणून प्रत लेझर प्रिंटरवर काढा. साध्या टाचण्या गंजून कागदावर तांबडे डाग पाडतात, प्लास्टिकच्या डोक्याच्या पिना किंवा चुंबकं घ्या. जुनं पत्र काढल्याशिवाय नवं लावायचं नाही.

काही गोष्टी या पत्रात कधीच येऊ नयेत. लैंगिक छळाच्या तक्रारीतली नावं आणि चौकशीचा तपशील जाहीर करायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. रॅगिंगच्या प्रकरणातही मुलांची नावं नकोत, ‘तक्रार आली, समिती बघतेय’ इतकंच. गुण, फोन नंबर, कुणाच्या आजारपणाचं कारण, हेही नाही. निधनाची बातमी सोमवारपर्यंत ठेवायची नसते. आधी घरच्यांशी बोलून, मग जवळच्यांना फोन, आणि नंतर सगळ्यांना स्वतंत्र निरोप.

पत्र चालतंय का, हे ‘आवडलं का’ असं विचारून कळत नाही, आवडलंच म्हणतात. कार्यालयातल्या कारकुनाला फोनजवळ एक कागद ठेवायला सांगा. पत्रात असलेली गोष्ट कुणी पुन्हा विचारली की तिच्यापुढे रेघ मारायची. एकाच गोष्टीपुढे सात-आठ रेघा झाल्या तर वाचणाऱ्यांना दोष देऊ नका, ती ओळ पुन्हा लिहा.

आई, नमुन्याचं एक पान सोबत जोडलंय. बाबांच्या आधी तू वाच आणि चौकटीतलं काय कुणी कधी करायचं ते न अडखळता सांगता येतं का बघ. अडलीस तिथे पेन्सिलीनं खूण कर. बाबा, त्या खुणांवरून तुम्ही तिच्याशी वाद घालू नका, पान तसंच मला परत पाठवा.

तुमची,
बाय