पालक नियंत्रण सॉफ्टवेअरमधील त्रुटी आणि वर्गणी परत मिळण्याबाबत

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय/महोदया,

आमच्या घरी सगळ्यांत मिळून एकच संगणक आहे. त्यावर आम्ही दोघे काम करतो, थोरली अभ्यास करते आणि धाकट्याला गेम खेळायचे असतात. म्हणून आपले पालक नियंत्रणाचे सॉफ्टवेअर वर्षभराची वर्गणी भरून घेतले. ‘एकदा सेट करा, निश्चिंत राहा’ असे आपली जाहिरात म्हणते. सेट करून झाले. निश्चिंत राहणे काही जमलेले नाही.

मुख्य तक्रार वेळेच्या मर्यादेची आहे. रात्री नऊनंतर धाकट्याचे खाते बंद व्हावे अशी वेळ लावली होती. त्याने विंडोजचे घड्याळ दोन तास मागे नेले आणि खेळ सुरू ठेवला. आपल्या अहवालात मात्र सगळे आलबेल, हिरवी खूण! विंडोजमध्ये साध्या खात्यातून घड्याळ बदलता येत नाही, सगळे अधिकार असलेल्या प्रशासक (अ‍ॅडमिनिस्ट्रेटर) खात्यातून येते. धाकट्याचे खाते प्रशासकाचे होते. सेटअप करताना आपण मुलाचे नाव विचारले, वय विचारले, आवडते कार्टूनचित्रही निवडायला लावले. खाते कोणत्या प्रकारचे आहे हे तपासले नाही, की साधा इशाराही दिला नाही. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देऊन वर पहाऱ्याचे पैसे घेण्यातला हा प्रकार आहे.

आपल्या मदत कक्षाच्या सांगण्यावरून ते खाते साधे केले. मग चिरंजीवांनी टाइम झोन (कोणत्या प्रदेशाची वेळ दाखवायची ती निवड) बदलला. तो बदलायला विंडोजमध्ये प्रशासक असावे लागत नाही, साध्या खात्यालाही मूळचीच मुभा असते. घड्याळ पुन्हा मागे, खेळ पुन्हा चालू. म्हणजे दोष खात्याच्या प्रकारापुरता नाही. आपले सॉफ्टवेअर पडद्यावर दिसणाऱ्या स्थानिक वेळेवर डोळे मिटून विश्वास ठेवते. टाइम झोन बदलला तरी संगणकाच्या आत जागतिक वेळ तीच राहते, शिवाय आपल्या सर्व्हरची वेळ आहेच. एका शाळकरी मुलाला जे सुचले ते आपल्या चाचणी विभागाला सुचू नये, याचे नवल वाटते.

संकेतस्थळांच्या गाळणीबद्दल थोडक्यात. ती फक्त ब्राउझरच्या एक्स्टेन्शनमधून, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या पूरक प्रोग्राममधून चालते. पेन ड्राइव्हवरून, इन्स्टॉल न करता चालणारा ब्राउझर उघडला की ती नसल्यातच जमा. उलट थोरलीला मानवी प्रजननसंस्थेवरचा इंग्रजी धडा उघडता येईना, का तर ‘प्रौढ मजकूर’. तोच विषय देवनागरीत शोधला तर बिनबोभाट उघडतो, आणि जे खरोखर अडायला हवे तेही देवनागरीत बिनबोभाट उघडते! नुसती अक्षरे जुळवून अडवण्याचा हा दोष जुनाच आहे. गावाच्या नावात एक इंग्रजी शिवी दडलेली निघाली म्हणून १९९६ मध्ये इंग्लंडमधल्या स्कनथॉर्पच्या रहिवाशांना एओएल या इंटरनेट सेवेवर खाती उघडता येत नव्हती. इतक्या वर्षांनंतरही आम्ही पैसे मोजून तेच घ्यायचे का?

मदत कक्षाने आधी कॅशे (तात्पुरती साठवलेली माहिती) साफ करायला लावली, मग सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकायला लावले. शेवटी उत्तर आले, ‘मुलांशी मोकळा संवाद हाच सर्वोत्तम उपाय आहे.’ संवाद आम्ही करतोच, त्याला वर्गणी लागत नाही. हे वाक्य सॉफ्टवेअर विकताना सांगितले असते तर आमचे पैसे वाचले असते.

तरी वर्गणीची पूर्ण रक्कम परत करावी आणि पुढील वर्षाचे आपोआप नूतनीकरण आजच बंद करावे. मुलांच्या ब्राउझिंगची नोंद आणि दर थोड्या वेळाने घेतलेले स्क्रीनशॉट आपल्या सर्व्हरवर साठवले आहेत. ते कायमचे पुसून तसे लेखी कळवावे. रकमेपेक्षाही ही मागणी आम्हाला महत्त्वाची आहे. मर्यादा पाळली जात नसताना मुलांची खासगी माहिती मात्र बिनचूक गोळा होत राहावी, हे आम्हाला मान्य नाही. टाइम झोनची पळवाट बुजेपर्यंत जाहिरातीतले ‘निश्चिंत राहा’ही काढून टाकावे.

उत्तर ईमेलने, माणसाने लिहिलेले यावे. चॅटबॉटने पुन्हा कॅशे साफ करायला सांगितले तर ते उत्तर धरले जाणार नाही.

कळावे,

आपली ग्राहक

सोबत: वर्गणीची पावती, टाइम झोन बदलण्यापूर्वीचे व नंतरचे स्क्रीनशॉट, मदत कक्षाशी झालेल्या चॅटची प्रत