मोहाशी बोलत बसू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार,

मनावर ताबा कसा मिळवायचा, वाईट सवयी कशा सोडायच्या यावर आपल्या पेपरात लेख येतात ते मी आवडीने वाचते. त्यात बहुतेक वेळा इच्छाशक्ती वाढवा, निश्चय पक्का करा, स्वतःवर विश्वास ठेवा असं असतं. मी ख्रिस्ती आहे आणि आमच्याकडे याची सुरुवातच उलट्या टोकाने होते म्हणून हे पत्र लिहितेय. आधी कबूल करायचं की मी कमजोर आहे, मोहाशी गप्पा मारायला बसले की मी हरणार.

मोह म्हटलं की लोकांना दारू, जुगार, लफडी असलं मोठं काहीतरी आठवतं. रोजचे मोह किती बारीक असतात बघा. ऑफिसच्या खर्चाच्या फॉर्मवर आकडा जरासा वाढवायचा, काम राहून गेलं की "तुमचा मेल मला मिळालाच नाही" म्हणून मोकळं व्हायचं, कोणी उठून गेलं की त्याच्याबद्दल मीठमसाला लावून सांगायचं, आणि रात्री फक्त पाच मिनिटं म्हणून फोन हातात घ्यायचा. माझं दुखणं हे शेवटचं, त्या पाच मिनिटांचे दोन तास होतात आणि त्या दोन तासांत मी जे बघते ते दिवसा कोणासमोर बघणार नाही.

बायबलमध्ये पहिली स्त्री हव्वा हिने देवाने मना केलेलं फळ खाल्लं ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा 3रा अध्याय नीट वाचला तर कळतं की साप तिला एकदम फळ खा म्हणत नाही, तो आधी प्रश्न विचारतो की देवाने खरंच असं सांगितलंय का, आणि ती उत्तर द्यायला थांबते. झालं, तिथेच संपलं. मग फळ खायला चांगलं वाटतं, डोळ्यांना छान दिसतं, शहाणपण देणारं वाटतं, कारणं आपोआप सापडत जातात. माझ्या डोक्यात पण असंच चालतं, आज खूप दमलीयेस, एवढं तर चालतंच, उद्यापासून बंद कर.

याच्या उलट बायबलमधलाच योसेफ, पोटीफर नावाच्या अधिकाऱ्याच्या घरी गुलाम होता. पोटीफरची बायको रोज त्याच्या मागे लागायची आणि तो रोज नाही म्हणायचा, पण एके दिवशी घरात कोणी नसताना तिने त्याचं वस्त्रच धरलं तेव्हा तो समजावत बसला नाही, वस्त्र तिच्या हातात टाकून बाहेर पळाला. आणि पळाला म्हणून त्याचं लगेच भलं झालं असंही नाही, खोट्या आरोपावरून तुरुंगात गेला. हे मला फार खरं वाटतं, कारण चर्चमध्ये कधी कधी असं बोललं जातं की मोह टाळला की लगेच आशीर्वाद. आणि दावीद राजा बघा, गल्याथ नावाच्या महाकाय योद्ध्याला मारणारा शूर माणूस, पण सैन्य लढाईवर आणि हा घरी, संध्याकाळी पलंगावरून उठून गच्चीवर फिरतोय, आणि तिथून त्याला बथशेबा, दुसऱ्याची बायको, अंघोळ करताना दिसली. दिसली इथपर्यंत ठीक होतं, पण त्याने नजर वळवली नाही, ती कोण आहे याची चौकशी करायला माणूस पाठवला, आणि शेवटी तिच्याबरोबर पाप करून बसला.

आता कोणी म्हणेल की रानात सैतानाने येशूला तीनदा मोह घातला तेव्हा येशूने तर त्याला उत्तरं दिली, तो पळाला नाही. बरोबर आहे, पण ती उत्तरं किती छोटी आहेत ते बघा. 40 दिवसांचा उपवास, भूक लागलेली, आणि तिन्ही वेळा तो "असा लेख आहे", म्हणजे शास्त्रात असं लिहिलंय, म्हणून बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातलं एखादं वाक्य सांगतो आणि विषय संपवतो. मत्तयाने लिहिलेल्या येशूच्या चरित्रात, 4थ्या अध्यायात, सैतान पण शास्त्र बोलतो, बायबलच्याच 91व्या स्तोत्रातल्या ओळी, म्हणजे नुसती वचनं माहीत असून भागत नाही, ते वचन कशासाठी वापरतोय ते पण बघावं लागतं. तरी मी सांगेन की दोन-तीन वचनं पाठ असूदेत, कारण मोहाच्या वेळी बायबल शोधायला आपण उठत नाही, आणि फोनवर शोधायला गेलो तर फोन हातात आलाच की.

आमच्या मंडळ्यांबद्दलही, म्हणजे चर्चच्या लोकांबद्दलही, एक तक्रार आहे. मनात वाईट विचार आला म्हणजेच पाप झालं असं कितीतरी लोकांना वाटतं, मग लाजेने ते कोणाला सांगत नाहीत आणि एकटेच कुढतात. बायबलमधल्या इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात 4थ्या अध्यायात स्पष्ट लिहिलंय की येशूची सर्व प्रकारे आपल्यासारखी परीक्षा झाली तरी तो निष्पाप राहिला. म्हणजे मोह समोर येणं आणि त्याला घरात घेणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत ना? मूळ ग्रीकमध्ये मोह आणि परीक्षा यांना एकच शब्द आहे, म्हणून तर येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत आम्ही "आम्हांला परीक्षेत आणू नको" म्हणतो. लहानपणापासून म्हणत आले पण त्यातला "आम्हांला" माझ्या लक्षातच आला नव्हता. मला नाही, आम्हांला. माझ्या शेजारी बसलेली बाई पण तेच मागतेय, पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, पण तेच मागतायत, मग लपवायचं कोणापासून?

हे लक्षात आल्यावर मी चर्चमधल्या एका मैत्रिणीला सगळं सांगितलं. खूप अवघड गेलं, दोनदा तर तिच्या दारापर्यंत जाऊन परत आले. तिने भाषण दिलं नाही, फोन दुसऱ्या खोलीत ठेव म्हणाली, आणि झोपायच्या आधी आपण दोघी आपापल्या घरी एकाच वेळी प्रार्थना करू. आता फोन रात्री बाहेरच्या खोलीत असतो. मला आधी हे फार बालिश वाटलं होतं, विश्वास एवढा आहे तर फोन बाहेर कशाला ठेवायचा? पण योसेफाचा विश्वास कमी नव्हता, तरी तो पळालाच.

मागच्या आठवड्यात दोन रात्री फोन परत उशाशी आला. तिसऱ्या दिवशी मी तिला सांगितलं, तिने ऐकून घेतलं, आणि त्या रात्री आम्ही ठरलेल्या वेळी परत प्रार्थनेला बसलो.

आपली,
एक नियमित वाचक