गिझर चालावा म्हणून घरातला एमसीबी बदलून वायरिंग धोक्यात आणल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. प्रमुख, ग्राहक सेवा विभाग,
संबंधित गिझर उत्पादक कंपनी

विषय : ४.५ किलोवॉटच्या इन्स्टंट गिझरसाठी आपल्या तंत्रज्ञाने १६ अँपिअरचा एमसीबी (जादा प्रवाह गेला की आपोआप पडणारा स्विच) काढून ३२ अँपिअरचा बसवल्याने सॉकेट व वायर जळल्याबाबत

महोदय,

आपल्या कंपनीचा ४.५ किलोवॉटचा इन्स्टंट गिझर आम्ही या हिवाळ्यात घेतला. खरेदीचे बिल, आपल्या सेवा केंद्राच्या पावत्या आणि जळालेल्या बोर्डाचे फोटो सोबत जोडले आहेत. गिझर बिघडला आहे अशी माझी तक्रार नाही, पाणी तो चांगले तापवतो. आपल्या माणसाने माझ्या घरातले संरक्षण काढून टाकले आणि नंतर आपल्या कार्यालयाने त्याचे खापर आमच्या जुन्या वायरिंगवर फोडले, ही माझी तक्रार आहे.

आम्ही निफाड तालुक्यात राहतो. इथे डिसेंबर-जानेवारीत टाकीच्या पाण्यात सकाळी हात घालवत नाही. म्हणून दुकानदाराने ३ किलोवॉटऐवजी ४.५ किलोवॉटचा गिझर सुचवला. खोक्यावर लिटर आणि हमीची वर्षे ठळक छापली आहेत, वॅट मात्र गिझरच्या मागच्या पट्टीवर बारीक अक्षरांत आहेत. माहितीपुस्तिकेत ‘योग्य क्षमतेच्या वायरिंगला जोडावे’ एवढे एकच वाक्य आहे. योग्य म्हणजे किती एमएमची (चौरस मिलिमीटर, म्हणजे तांब्याच्या जाडीची) वायर, किती अँपिअरचा एमसीबी, प्लग लावायचा की थेट जोडायचे, यातले काहीही त्यात नाही.

बसवायला आलेल्या तंत्रज्ञाने गिझरच्या वायरीला १६ अँपिअरचा प्लग टॉप लावला, जुन्या गिझरच्या पॉवर पॉइंटमध्ये खोचला, गरम पाणी दाखवले आणि सही घेतली. या पॉइंटला अडीच एमएमची तांब्याची वायर आहे आणि डीबीत (घरातले एमसीबी बसवलेल्या पेटीत) त्याला १६ अँपिअरचा एमसीबी होता. जुना २ किलोवॉटचा गिझर त्यावर वर्षानुवर्षे चालला. त्याच वायरवरून पुढे वॉशिंग मशीनचा पॉइंट काढलेला आहे.

हिशेब शाळेतल्या विज्ञानाचा आहे. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. २००० वॅटचा जुना गिझर २३० व्होल्टवर पावणेनऊच्या आसपास अँपिअर घ्यायचा. आपला गिझर साडेएकोणीस घेतो. म्हणजे १६ अँपिअरच्या सॉकेटमधून आणि १६ अँपिअरच्या प्लगमधून तो पहिल्या दिवसापासून मर्यादेपेक्षा जास्त प्रवाह ओढत होता. शिवाय उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. १६ च्या जागी साडेएकोणीस अँपिअर गेले की पिनांच्या सांध्यात दीडपट उष्णता तयार होते. प्लग लावण्याआधी आपल्या तंत्रज्ञाने गिझरमागची पट्टी एकदा वाचली असती तरी पुढचे सगळे टळले असते.

झाले असे की पहिल्या एक-दोन बादल्या नीट भरायच्या आणि तिसऱ्या-चौथ्या बादलीला एमसीबी पडायचा. लगेच वर केला तर टिकायचा नाही, थोडा वेळ जाऊ दिला की टिकायचा. ही लक्षणे अगदी स्पष्ट आहेत. एमसीबीच्या आत दोन धातूंची पट्टी असते. जादा प्रवाहाने ती हळूहळू तापते, वाकते आणि खटका पाडते. निवली की पुन्हा सरळ होते. शॉर्ट सर्किटसाठी आत वेगळी कॉइल असते, ती क्षणात तोडते. आमचा एमसीबी क्षणात पडत नव्हता, तापून पडत होता. वायरवर झेपण्यापेक्षा जास्त लोड आहे हेच तो सांगत होता.

मी आपल्या हेल्पलाइनला फोन केला. तिथल्या मुलीने ‘तुमच्याकडे हाय व्होल्टेज येत असेल, स्टॅबिलायझर लावा’ असे सांगितले. हा सल्ला चुकीचा आहे आणि तो रोज किती घरांना दिला जात असेल या विचाराने मला काळजी वाटते. आपल्या घरांत मिक्सरपासून गिझरपर्यंत सगळे त्याच २३० व्होल्टवर चालते, फरक पडतो तो कोण किती अँपिअर घेतो यात. आमच्याकडे नंतर मोजलेला दाब २३४ व्होल्ट होता, म्हणजे नेहमीचाच. स्टॅबिलायझर लावूनही गिझरने साडेएकोणीस अँपिअरच घेतले असते.

मग आपला दुसरा तंत्रज्ञ आला. त्याने डीबी उघडला, १६ चा एमसीबी काढला, पिशवीतून ३२ चा काढून बसवला आणि म्हणाला, ‘ताई, आता नाही पडणार.’ मी विचारले, ‘दादा, वायर तर तीच आहे. चालेल का?’ तो म्हणाला, ‘ईएलसीबी आहे ना, काही होत नाही.’ ईएलसीबी म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच. त्याने पैसे घेतले आणि पावतीवर लिहिले : ‘एमसीबी बदलला, समस्या सुटली.’ ती पावती सोबत आहे. ती आपण स्वतः वाचावी अशी माझी विनंती आहे.

एमसीबी गिझर सांभाळायला नसतो, भिंतीतली वायर सांभाळायला असतो. त्याचा आकडा वायर आणि सॉकेट पाहून ठरतो. भिंतीतल्या पाइपातून गेलेली अडीच एमएमची वायर साधारण २० अँपिअरच्या आसपास पेलते. पाइपात जास्त वायरी असतील किंवा हवा तापलेली असेल तर त्याहून कमी. ३२ अँपिअरचा एमसीबी मात्र त्याच्या प्रमाणित चाचणीनुसार ३६ अँपिअर गेले तरी तासभर पडत नाही. सुमारे ४६ अँपिअर गेले तर तासाभराच्या आत पडतो. म्हणजे वायर जळून जाईल तरी हा एमसीबी जागचा हलणार नाही. आणि ज्या ईएलसीबीचा हवाला त्याने दिला, तो फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून परत येतो की नाही एवढेच पाहतो. ३० मिलिअँपिअरचा तो संच शॉक लागण्यापासून माणसाला वाचवतो आणि तो घरात असायलाच हवा. पण ओव्हरलोड त्याला कळत नाही. साडेएकोणीस गेले आणि साडेएकोणीस परत आले की त्याच्या दृष्टीने सगळे ठीक असते.

नंतरच्या एका सकाळी गिझर चालू होता आणि वॉशिंग मशीनमध्ये गरम पाण्याची धुलाई लावली होती. मशीनचा हीटर २००० वॅटचा आहे. दोन्हींचे मिळून अठ्ठावीस अँपिअरच्या वर त्या एकाच वायरवरून जाऊ लागले. जुना १६ चा एमसीबी असता तर काही मिनिटांत पडला असता. ३२ चा पडला नाही. सासूबाई देवपूजेला बसल्या होत्या, त्यांना प्लास्टिक जळाल्याचा वास आला. बाथरूमबाहेरच्या बोर्डातून धूर येत होता. त्यांनी बोर्डाला हात न लावता थेट मेन स्विच बंद केला, म्हणून आज मी हे पत्र लिहू शकते आहे. त्या वेळी माझी मुलगी आत अंघोळ करत होती.

प्लग सॉकेटमध्ये वितळून चिकटला होता. राज्य सरकारचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराला बोलावले, त्यांनी वायर ओढून काढली. बोर्डापासून डीबीच्या दिशेने बऱ्याच लांबीचे इन्सुलेशन कडक होऊन तडकले होते, काही ठिकाणी तांबे उघडे दिसत होते. बोर्ड जळलेला निदान दिसतो. भिंतीच्या आतले हे जळणे कुणाला दिसले असते? त्यांनी गिझरसाठी डीबीपासून स्वतंत्र चार एमएमची वायर आणि अर्थिंग ओढले, २५ अँपिअरचा एमसीबी लावला, प्लग काढून टाकला आणि बाथरूमबाहेर फेज व न्यूट्रल दोन्ही तोडणारा डबल पोल स्विच बसवून गिझर थेट जोडला. वॉशिंग मशीनला नवी अडीच एमएमची वायर आणि पुन्हा १६ चा एमसीबी दिला. पहिल्याच दिवशी जे व्हायला हवे होते ते एवढेच आहे. महावितरणच्या बिलावर आमचा मंजूर भार ३ किलोवॉट आहे, हेही त्यांनीच दाखवले. एकटा गिझर त्याच्या दीडपट आहे. भार वाढवण्याचा अर्ज आम्ही केला आहे. हा साधा प्रश्न विक्रीच्या वेळी दुकानात विचारला जायला हवा होता.

आपल्या कार्यालयाचे उत्तर आले ते असे : वायरिंग जुने होते, वायरिंग हमीत येत नाही, कंपनीची जबाबदारी नाही. हे मला अजिबात मान्य नाही. आमचे वायरिंग जुने असेल, पण बरोबर होते. अडीच एमएमच्या वायरला १६ चा एमसीबी, ही जोडी योग्यच होती आणि ती आपले काम चोख करत होती. तिच्यावर न पेलणारा गिझर आपल्या माणसाने जोडला आणि तिने नकार दिल्यावर नकार देणारा भागच आपल्या दुसऱ्या माणसाने काढून टाकला. वायरिंग अपुरे आहे असे आपल्या तंत्रज्ञाला वाटत होते, तर त्याने गिझर बसवायला नकार द्यायला हवा होता. मी त्याचे आभार मानले असते आणि आधी वायर ओढून घेतली असती.

एमसीबी बदलणाऱ्या त्या मुलाची नोकरी घालवा असे मी म्हणत नाही, तसे करूही नये. त्याच्या पिशवीत ३२ चे एमसीबी आधीपासून होते. म्हणजे हा उपाय त्याला कुणीतरी शिकवला आहे आणि तो इतर घरांतही केला गेला असणार. मला सगळ्यात जास्त चिंता त्या घरांची आहे. तिथल्या लोकांना एमसीबी पडायचा थांबला याचेच समाधान वाटत असेल.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत. आमच्या भागातल्या सेवा केंद्राने हा ४.५ किलोवॉटचा गिझर जिथे जिथे बसवला आणि जिथे जिथे एमसीबी बदलला, त्या प्रत्येक घरी फोन करून आपल्या खर्चाने तपासणी करावी. ही मागणी माझ्या पैशांच्या आधी पूर्ण झाली तरी चालेल. या गिझरला १६ अँपिअरचा प्लग लावणे आजपासून बंद करावे. खोक्यावर आणि पुस्तिकेत मराठीत ठळक छापावे की हा गिझर साडेएकोणीस अँपिअर घेतो, त्याला निदान चार एमएमची स्वतंत्र वायर, २५ अँपिअरचा एमसीबी आणि अर्थिंग लागते. ग्राहकाच्या डीबीतला एमसीबी मोठ्या आकड्याचा करू नये असा लेखी आदेश सर्व तंत्रज्ञांना द्यावा आणि त्याची प्रत मला पाठवावी. हेल्पलाइनवर स्टॅबिलायझरचा सल्ला थांबवावा. आणि वायर, बोर्ड, एमसीबी व मजुरीचा खर्च, तसेच दुसऱ्या भेटीचे घेतलेले पैसे मला परत करावेत. त्यांची बिले जोडली आहेत.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे वापराच्या पुरेशा सूचना किंवा इशारा न दिल्यामुळे झालेल्या हानीला कलम ८४ खाली उत्पादक जबाबदार धरला जातो आणि सदोष सेवेमुळे झालेल्या हानीला कलम ८५ खाली सेवा देणारा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

वितळलेला प्लग, सॉकेट, तडकलेली वायर आणि तो ३२ चा एमसीबी मी जपून ठेवला आहे. आपला अभियंता पाहायला आला तर घरी दाखवीन, फोटो काढू देईन. वस्तू मात्र आयोगापुढे लागतील म्हणून माझ्याकडेच राहतील.

आपली,
एक ग्राहक
ता. निफाड, जि. नाशिक

सोबत : खरेदीचे बिल, दोन्ही भेटींच्या पावत्या, विद्युत ठेकेदाराचे बिल व अहवाल, फोटो