डिकल शीटमधील दोष आणि माहितीपत्रकातील चुकीच्या सूचनांबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : १/७२ स्केलच्या स्पिटफायर किटमधील डिकल शीट बदलून मिळण्याबाबत

महोदय/महोदया,

स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या छोट्या प्लास्टिक प्रतिकृतीचं आपलं किट मी जुळवलं. प्लास्टिकचे भाग नेमके बसले, पंखांच्या सांध्यांना पुटीसुद्धा लागली नाही, हे आधी सांगायला हवं. तक्रार फक्त डिकलची, म्हणजे विमानावर चिकटवायच्या छापील खुणांची आहे. पण विमान पाहणाऱ्याची नजर सगळ्यात आधी जाते ती डिकलवरच.

माहितीपत्रकात लिहिलं आहे, 'रंग वाळला की डिकल लावा.' मॅट (बिनचमकीच्या) हिरव्या-तपकिरी रंगावर मी तसंच केलं. दुसऱ्या दिवशी डाव्या बाजूच्या प्रत्येक खुणेभोवती चंदेरी झाक उमटलेली होती. मॅट रंगाचा पृष्ठभाग बारीक खडबडीत असतो. डिकलची पारदर्शक फिल्म त्याच्या उंचवट्यांवरच टेकते, खाली हवा अडकते आणि उजेडात तो भाग चमकतो. म्हणून डिकलच्या आधी ग्लॉस (चकचकीत) वार्निशचा थर द्यावा लागतो. हे अनुभवी माणसाला ठाऊक असतं, पण पहिलंच किट घेणाऱ्याने ते कुठून शिकायचं? आपल्या पत्रकात त्याचा उल्लेखच नाही. उलट 'डिकल सुटून तरंगेपर्यंत पाण्यात ठेवा' असं छापलं आहे. तेवढ्या वेळात खालचा गोंद धुऊन जातो. कोमट पाण्यात पंधरा-वीस सेकंद बुडवून ते बाहेर ओल्या कागदावर ठेवावं आणि ते स्वतःच्या पाठच्या कागदावरून आपसूक सरकेपर्यंत थांबावं, एवढंच लिहिलं असतं तरी पुरलं असतं.

पत्रकातली चूक मी उजव्या बाजूला सुधारून घेतली. ग्लॉस वार्निश मारलं, ते पूर्ण वाळू दिलं आणि मगच डिकल लावले. चंदेरी झाक गेली. पण फिल्म इतकी जाड आहे की ती पॅनेल लाइनमध्ये, म्हणजे पत्र्यांचे जोड दाखवणाऱ्या कोरीव रेषांमध्ये, उतरेना. डिकल मऊ करणाऱ्या सॉफ्टनरचे तीन हात दिले, सुरकुत्या पडल्यावर बोट न लावता रात्रभर तसंच सोडलं. सकाळी डिकल त्या रेषांवर पुलासारखं ताणलेलं होतं. दोष माझ्या हाताचा किंवा सॉफ्टनरचा असेल, अशी शंका आपल्याला येऊ शकते. मलाही आली होती. म्हणून त्याच पंखावर, त्याच सॉफ्टनरने, दुसऱ्या किटमधलं एक उरलेलं डिकल लावून पाहिलं. पहिल्याच हातात ते रेषेत असं बसलं की जणू रंगवलेलंच आहे.

आणखी दोन गोष्टी. गोल खुणांमधला लाल ठिपका मध्यापासून अर्धा मिलिमीटर सरकलेला आहे. ऐकायला हे किरकोळ वाटेल, पण १/७२ मध्ये अर्धा मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानावर ३६ मिलिमीटर. आणि पांढरी शाई इतकी विरळ आहे की खालचा हिरवा रंग तिच्यातून दिसतो.

याआधी मी कळवलं होतं, तेव्हा 'सॉफ्टनर वापरून पाहा' एवढं एका ओळीचं उत्तर आलं. त्यावरून माझं पत्र कुणी वाचलं असेल असं वाटलं नाही. डावीकडचे डिकल टेपने उपटताना दोन ठिकाणी रंगही निघाला. तीन शनिवार-रविवार घालून मी तो रंग दिला होता, त्यामुळे फार वाईट वाटलं.

मला पैसे परत नकोत. पातळ फिल्मवर, रंगांची जुळणी तपासून छापलेली नवी शीट पाठवावी. जुन्याच छपाईतली दुसरी शीट पाठवू नये, तिच्यातही हेच निघेल. आणि पुढच्या छपाईत पत्रकात ग्लॉस वार्निशची पायरी घालावी, भिजवण्याची सूचना दुरुस्त करावी. दोष दिसतील असे जवळून काढलेले फोटो सोबत जोडले आहेत.

विमानावर शेवटचं मॅट वार्निश मी मुद्दाम मारलेलं नाही. ते एकदा मारलं की खालचे डिकल काढता येणार नाहीत. नवी शीट येईपर्यंत विमान तसंच झाकून ठेवलं आहे.

आपला विश्वासू,
एक ग्राहक