भात सोडण्याआधी माशाची तुकडी मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चिपळूण असो वा मालवण, जिममध्ये नाव घातले की पहिला हुकूम सुटतो: भात बंद. आठवड्याने काटा दीड-दोन किलो खाली दिसतो आणि सल्ल्यावर विश्वास बसतो. उतरलेले असते ते बहुतांशी पाणी. स्नायूंत ४००-५०० ग्रॅम आणि यकृतात सुमारे १०० ग्रॅम ग्लायकोजेन (शरीराने साठवलेली साखर) असते, आणि त्याच्या दर ग्रॅममागे साधारण ३ ग्रॅम पाणी. गणपतीत दोन दिवस मोदक झाले की काटा पुन्हा होता तिथे.

वजन उचलणाऱ्यासाठी खरा प्रश्न सेटचा, म्हणजे न थांबता सलग केलेल्या उचलींचा (रेपचा) आहे. आठ-दहा रेपचा जड सेट ३०-४० सेकंदांत आटोपतो. पहिली काही सेकंदे फॉस्फोक्रिएटिन या स्नायूंतल्या झटपट साठ्यावर निघतात, पुढची मुख्यतः ग्लायकोजेनवर. चरबीतूनही ऊर्जा मिळते, पण इतकी सावकाश की तोवर बार रॅकवर गेलेला असतो. म्हणून तीन-चार रेप मारून चार मिनिटे बसणाऱ्याची ताकद लो-कार्बवरही (भात-भाकरीतली कर्बोदके, म्हणजे कार्ब, कमी करूनही) बहुधा टिकते, हे मान्य करायला हवे. मार बसतो तो जास्त सेट करणाऱ्याला. स्क्वॉटचे चार सेट ८, ८, ७, ७ जात होते ते ८, ७, ५, ४ वर येतात. वही ठेवणाऱ्यालाच हे कळते. पहिलाच सेट कोसळला तर मात्र दोष भातावर टाकू नये. झोप, एकूण जेवण आणि मीठ पाहावे.

मिठाचे आपल्याकडे विशेष. कार्ब एकदम तोडले की इन्सुलिन उतरते आणि मूत्रपिंडे जास्त सोडियम बाहेर टाकतात. त्यात किनाऱ्यावरचा एप्रिल-मे, घाम वाळतच नाही. डोके धरते, पोटऱ्यांत गोळे येतात, डेडलिफ्टनंतर डोळ्यांपुढे अंधारी येते. (यावर उतारा उकड्या तांदळाची मीठ घातलेली पेज, पण तीच तर बंद केलेली असते!)

आता माप. आठवड्यातून चार दिवस नीट व्यायाम करणाऱ्या ७० किलोच्या माणसाला किलोमागे ४ ग्रॅम, म्हणजे दिवसाला २८० ग्रॅम कार्ब पुरतात. दुपारी १५० ग्रॅम आणि रात्री १०० ग्रॅम तांदूळ, मिळून ८० ग्रॅम पिठाच्या दोन भाकऱ्या, एक केळे: झाले २८०. तांदूळ कच्चा तोलायचा. शिजून तो जवळपास तिप्पट होतो. फोनवरच्या ॲपमध्ये ३०० ग्रॅम शिजलेला भात कच्च्याच्या रकान्यात भरला की हजारावर उष्मांक दिसतात आणि माणूस घाबरून ताट सारतो. २,५०० उष्मांकांच्या जेवणात २८० ग्रॅम म्हणजे ४५ टक्के. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या सूचनांत धान्यांवरची मर्यादा त्याच्याच आसपास आहे. याला हाय-कार्ब म्हणणेही जड जाते. सुट्टीच्या दिवशी रात्रीचा भात निम्मा करावा. संध्याकाळी सातला जिम असेल तर एकच्या जेवणावर जाऊ नये. साडेचारला दोन घावणे खावेत.

आपल्या ताटाचे खरे दुखणे भात नाही, त्याच्या शेजारची एकुलती एक तुकडी आहे. किलोमागे १.६ ग्रॅम धरले तर या माणसाला ११२ ग्रॅम प्रोटीन हवे. सुरमईची एक तुकडी फार तर १६ ग्रॅम देते, पातळ आमटीची वाटी चार-पाच. भरपाई अशी होते: काटे काढून २०० ग्रॅम भरतील इतके बांगडे (सुमारे ३८ ग्रॅम), तीन अंडी (१८), अर्धा लिटर दूध (१६), ५० ग्रॅम कुळीथ (११), मूठभर शेंगदाणे (७), आणि वरच्या भात-भाकरीतले वीसेक ग्रॅम. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, पाठोपाठ श्रावण. घसरण होते ती याच दिवसांत. बंदीत सुका जवळा कामी येतो, २५ ग्रॅममध्ये सुमारे १५ ग्रॅम प्रोटीन. श्रावणात कुळथाची पिठी, मूग आणि दूध वाढवावे लागते. उपवासाचा साबुदाणा जवळपास निव्वळ स्टार्च, त्याला प्रोटीनच्या हिशेबात धरू नये.

भात सोडूनही वजन न उतरणाऱ्यांनी खोबरे मोजावे. १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात सुमारे ३५० उष्मांक, म्हणजे तेवढ्याच कच्च्या तांदळाइतके. ताटातून भात गेला आणि बिनखोबऱ्याच्या तिखल्याऐवजी दाट वाटपाची कढी दोनदा घेतली, तर हिशेब तिथेच राहतो.

मधुमेह असणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांना भात कमी केल्याचा खरोखर फायदा होतो, पण तो जिममधल्या सल्ल्यावर नव्हे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी चालू असताना कार्ब अचानक तोडले तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी कीटो (कार्ब जवळजवळ बंद) केले तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्त आम्लधर्मी होण्याचा धोका असतो. मळमळ, उलट्या आणि जोराचा श्वास ही त्याची लक्षणे. प्रशिक्षकांनी प्रवेशाच्या फॉर्मवर चालू औषधांचा एक रकाना ठेवावा, आणि त्यात यांपैकी काही दिसले तर आहाराचा कागद हातात देण्याआधी त्या व्यक्तीला डॉक्टरांकडे पाठवावे.

— एक व्यायाम-प्रशिक्षक, कुडाळ