दुनाली आणि कडी

लष्कर, ग्वाल्हेर

चि. बंड्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, बाबांची दुनाली बंदूक आता माझ्या नावावर करून दे, नाहीतर मी सरळ बत्तीस बोरचं रिव्हॉल्वर घेतो," आणि मी विषय दिवाळीच्या चकल्यांवर नेला. तुला वाटलं असेल, आईला नीट ऐकू आलं नाही. ऐकू आलं होतं. सूनबाई शेजारीच होती आणि फोन स्पीकरवर होता, म्हणून बोलले नाही.

सिरोलकडे तुमची नवी कॉलनी, निम्मे प्लॉट रिकामे, संध्याकाळी सातनंतर रस्त्यावर कुत्री सोडून कोणी नाही. तुझी काळजी मला कळते. आणि या मुलखात वाढलेल्या माणसाच्या मनात काळजी आली की मागोमाग बंदूक येतेच. इथे लग्नात सोयरीक जुळवताना जमीन किती आणि लायसन्स किती, दोन्ही विचारतात. २०१९ साली आपल्या कलेक्टरांनी लायसन्स हवं असेल तर आधी दहा झाडं लावा, असं काढलं होतं, तर लोक रोपं घेऊन फोटो काढत फिरत होते. त्याच्याआधी २००८ मध्ये शिवपुरीत नसबंदी करून घेणाऱ्याला लायसन्स लवकर, अशी योजना निघाली होती. आईने मुलाला लिहिण्यासारखं नाही, पण हौस किती आहे ते कळावं म्हणून सांगितलं.

आपली दुनाली हौसेची नव्हती. आजोबांनी ती डबरा गावच्या शेतीसाठी घेतली, चंबळच्या बागींचे, म्हणजे दरोडेखोरांचे, दिवस होते तेव्हा. १९७२ मध्ये जौऱ्याला जयप्रकाश नारायणजींसमोर कितीतरी बागींनी हत्यारं खाली ठेवली, शेतीही पुढे विकली गेली, दुनाली मात्र राहिली. आजोबांनंतर बाबांकडे आली. बाबा गेले तेव्हा तेराव्यानंतर पहिलं काम मी काय केलं आठवतं? ती रिक्षात घालून पोलीस ठाण्यात जमा केली, कारण लायसन्सवाला गेला की हत्यार घरात ठेवता येत नाही. मग वारस म्हणून माझ्या नावावर लायसन्स होईपर्यंत चकरा. तेव्हापासून दर निवडणुकीला मीच ती जमा करायला जाते. ठाण्याच्या मालखान्यात बंदुका उसाच्या मोळीसारख्या उभ्या असतात, प्रत्येकीच्या गळ्यात सुतळीने बांधलेली चिठ्ठी. तिथला कारकून, मुन्शी, दरवेळी तेच विचारतो, "अम्माजी, आप भी?" मी पावती मागते.

२०१८ च्या चोरीचं तुला दागिन्यांपुरतंच माहीत आहे. तुळशीच्या लग्नानंतरचे मुहूर्त होते, मी इंदूरला मावशीच्या नातीच्या लग्नाला गेले होते. घर चार दिवस बंद. चोरांनी मागच्या दाराचा कोयंडा सळईने उचकटला. दार सागवानी, कुलूप चांगलं जाडजूड, पण कोयंडा चौकटीला चार आखूड स्क्रूंवर धरलेला. तो चौकटीचं लाकूड घेऊन बाहेर आला. आत गोदरेजचं कपाट उघडं, साड्या जमिनीवर, आणि सगळ्यात खालचा उभा कप्पाही मोडलेला. त्यात दुनाली असायची. विधानसभेची निवडणूक होती म्हणून ती तेव्हा ठाण्यात होती. नसती, तर माझ्या लायसन्सची बंदूक कोणाच्या तरी हातात गेली असती आणि पुढे तिने जे काही झालं असतं त्याचा नंबर माझ्या नावावर लागला असता. पाटल्या गेल्या त्याचं वाईट वाटलं. पण त्या रिकाम्या कप्प्यासमोर मी जमिनीवर बसले होते, ते पाटल्यांसाठी नाही.

तेव्हा आधी हे बघ की तुझी भीती कोणती आहे. घर बंद असताना येणारा चोर, की तुम्ही आत असताना शिरणारा माणूस? पहिल्यासाठी बंदूक काही करत नाही, उलट तीच चोरीला जायची वस्तू होते. दुसऱ्यासाठी काय करते तेही मी करून बघितलं आहे. हसू नकोस. त्या चोरीनंतर एका रात्री घड्याळ लावून बघितलं. चष्मा शोधला, कपाटाची किल्ली काढली, काडतुसांचा डबा वेगळ्या कप्प्यात म्हणून त्याची वेगळी किल्ली, दुनाली बिजागरीत वाकवून उघडली, दोन काडतुसं सरकवली, बंद केली. चार मिनिटं लागली, आणि तेही दिवा लावून, कोणी दारावर धक्के मारत नसताना. तू म्हणशील, मग भरून उशाशी ठेवू. तुझ्या घरात चिऊ आहे. पाच वर्षांची. तिला तू फ्रिजवर लपवलेलं चॉकलेट सापडतं. लहान मुलापासून लांब ठेवली तर तुझ्याही हाताला वेळेवर येत नाही, आणि तुझ्या हाताशी ठेवली तर तिच्याही. यावर इतक्या वर्षांत मला उत्तर मिळालेलं नाही. तुला मिळालं असेल तर मला सांग, पण यूट्यूबवरचं नको.

आता कोणती घ्यावी ते. बारा बोरची दुनाली लांब. तुझ्या जिन्याच्या वळणावर ती फिरणारच नाही. छर्रे पसरतात, आणि तुझ्या रो-हाऊसची एक भिंत शेजाऱ्यांबरोबर सामायिक. ३१५ ची रायफल कॉलनीत ठेवणं तर वेडेपणा, तिची गोळी शेतापलीकडे जाते. बत्तीस बोरचं रिव्हॉल्वर लहान खरं, कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं मिळतं. बायकांसाठी म्हणून २०१४ मध्ये 'निर्भीक' नावाचं काढलं होतं, सव्वा लाखाच्या आसपास किंमत. पण आखूड नळीचं हत्यार नेम मागतं. बाबा सांगायचे, दुनाली महिनाभर नाही चालवली तरी विसरत नाही, रिव्हॉल्वर विसरतं. तू महिन्यातून एकदा तरी रेंजवर जाशील का? जिमची वर्षाची फी भरून किती दिवस गेलास ते सूनबाईने सांगितलंय मला. नऊ एमएमच्या पिस्तुलाचं नाव काढू नकोस, ते आपल्यासारख्यांना मिळत नाही. आणि तुझ्या त्या मित्राने "इंतजाम हो जाएगा" म्हटलं होतं, त्याला माझ्या घराचा जिना चढू देऊ नकोस. विनापरवाना गावठी कट्टा घरात सापडला तर कमीत कमी दोन वर्षं आत.

नव्या लायसन्सला पोलीस चौकशी, हत्यार हाताळायच्या प्रशिक्षणाचा दाखला, डॉक्टरचा दाखला, घरात सुरक्षित ठेवण्याची हमी, सगळं लागतं. माझ्यावरून घ्यायची तर रस्ता मोकळा आहे. लायसन्सवाल्याला सत्तर पूर्ण झाली की तो हयातीतच वारसाचं नाव देऊ शकतो, आणि मला मार्गशीर्षात सत्तर पूर्ण होतील. हे तू आधीच शोधून ठेवलं असणार. म्हणूनच यंदा वाढदिवसाची एवढी चौकशी.

कायद्याचंही नीट ऐक, भाऊमामांकडून समजून घेतलंय. जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आहे, पण स्वसंरक्षणाचा हक्क जुन्यासारखाच आहे. रात्री घर फोडून कोणी शिरलं तर तो हक्क मोठा आहे, जिवावर बेतण्यापर्यंतही जातो. पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांना बोलवायला वेळ असेल तर तो हक्क नाहीच. भाऊमामा म्हणाले, चोर कुंपणावरून पळत सुटला आणि तू पाठीत गोळी घातलीस, तर कोर्टात तू चोराचं नाही, स्वतःचं उत्तर देत बसशील. आणि अंधारात तो चोरच होता, की सिक्युरिटीचा पोरगा, की उशिरा आलेला तुझा मेहुणा, हे गोळी सुटल्यावर विचारता येत नाही.

आता मी काय करेन ते. मागच्या दाराची चौकट बघ. बिल्डरने आखूड स्क्रू मारले असतील, ते काढून लांबलचक मार, थेट भिंतीत जाणारे. आतून आडवी लोखंडी पट्टी. जिन्याच्या ग्रिलला कुलूप हवं, पण आग लागली तर आतून उघडता आलं पाहिजे, म्हणून किल्ली तिथेच आतल्या बाजूला खिळ्यावर, बाहेरून हात पोचणार नाही अशी. गेटवर आणि मागच्या बोळात हालचालीने लागणारा दिवा. कॅमेरा लाव, पण नुसता फाटकावर रोखू नकोस, चोर मागून येतो. कुंडीखाली किल्ली ठेवायची तुमची पुण्याची सवय इथे बंद. गावाला जाताना दूध, पेपर थांबवायचं आणि समोरच्या भदौरिया भाभींना सांगून जायचं, फेसबुकला नाही.

आणि एक खोली ठरवा. वरची, चिऊची. तिला भरीव दार, आतून जाड कडी, एक जुना फोन कायम चार्जिंगला, ११२ त्यात लावलेला, एक टॉर्च, आणि फाटकाची एक जादा किल्ली, खिडकीतून पोलिसांकडे टाकता येईल अशी. काही आवाज आला तर तू खाली बघायला जायचं नाहीस. सूनबाई चिऊला उचलेल, तू कडी लावशील, फोन करशील, आणि मग वरून मोठ्याने ओरडशील की पोलीस येतायत. पुरुषासारखा पुरुष असून खोलीत लपायचं का, हे तुझ्या तोंडावर येईल ते मला माहीत आहे. बाबांच्याही आलं असतं. टीव्ही, लॅपटॉप जाऊ देत, खाली कोणी आपलं माणूस नसेल ना, मग जिना उतरायचं कारण काय?

एकदा रात्री दिवे घालवून हे तिघांनी करून बघा. चिऊला खेळ म्हणून सांगा. किती वेळ लागला ते मला कळव, मी चार मिनिटांशी ताडून बघीन.

दुनालीचं मी अजून ठरवलेलं नाही. कालच गज घालून नळ्या पुसल्या, मशीनच्या तेलाचा तो वास आला आणि बाबा अंगणात बसल्यासारखे वाटले. तुझ्या नावाने लिहून देईन, की विक्रेत्याकडे जमा करून टाकीन, ते मार्गशीर्षात बघू. तोपर्यंत मी तुझी चौकट बघून घेईन.

लोहिया बाजारातून कडी आणून ठेवली आहे. पितळी छान दिसत होती, पण लोखंडीच घेतली. सुतार रविवारी मोकळा आहे, दहाला पाठवते. घरी थांब.

सूनबाईस आशीर्वाद, चिऊस गोड पापा.

तुझी,
आई