होगनची ही बाजूही यायला हवी होती

संपादक महोदय,

अमेरिकन रेसलर हल्क होगनच्या कारकिर्दीवरचा तुमच्या पुरवणीतला लेख वाचला, छान जमलाय, पण त्यात एक मोठी गोष्ट राहूनच गेली. १९८७ च्या रेसलमेनियात, म्हणजे रेसलिंगच्या सगळ्यात मोठ्या वार्षिक शोमध्ये, त्याने आंद्रे द जायंट या धिप्पाड रेसलरला उचलून आपटलं ते सगळ्यांनाच माहितीये, पण त्याच्या आदल्या वर्षी त्याच्याच कंपनीतल्या जेसी व्हेंचुरा या रेसलरने रेसलर्सची युनियन काढायचा प्रयत्न केला होता आणि ही खबर त्या कंपनीचा (आताची डब्ल्यूडब्ल्यूई) मालक व्हिन्स मॅकमहनपर्यंत पोचवली ती होगननेच, असं पुढे एका कोर्ट केसमध्ये खुद्द मॅकमहनने शपथेवर सांगितलं. युनियन काही झाली नाही. आजही डब्ल्यूडब्ल्यूईचे रेसलर कंपनीचे कर्मचारी धरले जात नाहीत, नुसते कॉन्ट्रॅक्टवर, म्हणजे हेल्थ इन्शुरन्स ज्याचा त्याने बघायचा. मॅचचा निकाल आधी ठरलेला असतो हो, पण मार खराच बसतो, होगनच्याच पाठीची किती ऑपरेशन्स झाली! त्याने रेसलिंग घराघरात नेलं हे मान्यच, पण तेव्हा सगळ्यात जास्त वजन ज्याच्या शब्दाला होतं त्यानेच सोबतच्यांचा घात केला, यावर लेखात निदान दोन ओळी तरी हव्या होत्या.

– एक वाचक